गाळलेल्या सात नज्मा

पुस्तकांचे दोन गठ्ठे सकाळी साडेनऊलाच ऑटोतून आले आणि उज्वलाने ते उघडूनही न बघता सरळ पलंगाखाली ढकलले. ज्या पुस्तकासाठी तिने तीन वर्षं भल्या पहाटे उठून वह्या भरल्या, ते असं चोरीच्या मालासारखं दडवताना तिचं तिलाच कसंतरी झालं. पण दिवसच तसा होता. दुपारी चारला पंचाक्षरीअप्पा, उमाबाई आणि त्यांचा रविकिरण तिच्या लेकीच्या, सृष्टीच्या, सोयरिकीचं पक्कं करायला येणार होते. संध्याकाळी सातला मुशायरा आणि त्यातच पुस्तकाचं प्रकाशन. आणि साडेअकराला नांदेडची एसटी तिच्या सासू-सासऱ्यांना लातूरच्या स्टँडवर उतरवणार होती. एका दिवसात दोन कार्यं बसवायची अक्कल तिच्या नवऱ्याची, वैजनाथची. बँकेतला माणूस, एका सुट्टीत दोन कामं उरकली की त्याला आपण जग जिंकल्यासारखं वाटतं.

उज्वलाच्या सासऱ्यांचं नाव किशनराव गजभारे म्हटलं तर लातुरात चार माणसं मान हलवतील की नाही, शंकाच होती. बेदखल देगलूरी म्हटलं की मात्र बिदरपासून मालेगावपर्यंत मुशायऱ्याला जाणारा माणूस पान थुंकून सावरून बसे. देगलूरच्या महारवाड्यातला हा माणूस उर्दूत कसा शिरला, हे त्यांना जिथं जातील तिथं विचारलं जाई आणि पन्नास वर्षं ते एकच उत्तर देत आले होते. गावच्या एका शाळेत त्यांना दाराबाहेर बसवलं. दुसऱ्या, उर्दू शाळेत उस्तादांनी टाटावर, बाकीच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसवलं. "ज्यांनी बसायला जागा दिली, त्यांची भाषा शिकलो," एवढंच. पुढे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत मास्तरकी केली आणि त्याच भाषेत आड, घागर, मेलेली ढोरं, गावकुसाबाहेरची रात्र सगळं मांडलं. सुरुवातीला उर्दूवाल्यांनीही नाकं मुरडली होती. गझलेत हे काय आणलंत, म्हणाले. मास्तर वाद घालत बसले नाहीत. पुढच्या मुशायऱ्याला आणखी एक नज्म, तसलीच कविता, घेऊन गेले.

उज्वलाला या माणसाचा फार अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास करून दहावी झालेली ही मुलगी सून म्हणून आली तेव्हा तिला उर्दूतलं 'आदाब'सुद्धा नीट म्हणता येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने मास्तरांचे डोळे नेले. तेव्हापासून नांदेडच्या देगलूर नाक्यामागच्या घरातून पहाटे फोन येई. "जागी हायस का बेटा? लिही." ते चालता चालता रात्रभर जुळवलेल्या ओळी सांगत आणि ही लातुरात ओट्याशी उभी राहून देवनागरीत उतरवून घेई. नव्या झाल्या, मग जुन्याही झाल्या. एकेचाळीस नज्मा. त्यांच्या घरातल्या कोणालाच उर्दू अक्षर वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पुस्तक म्हणजे मास्तर पहिल्यांदाच आपल्या माणसांच्या लिपीत येत होते.

आणि घोडं नेमकं तिथंच अडलं.

महिन्यापूर्वी उमाबाई एकट्याच येऊन गेल्या. बाई मनाने वाईट नाही. आडत बाजारात नवऱ्याचं दुकान, घरात शिवाची पूजा, बोलणं गोड. चहा घेता घेता म्हणाल्या, "ताई, पोरगी आम्हाला लाखात पसंत हाय. जातीचं आम्ही मनात आणलंच न्हाई. पण तुमच्या सासऱ्यांचं ते लिहिणं... आजवर उर्दूत होतं, कोण वाचणार होतं? आता म्हणे मराठी अक्षरात येऊन राहिलं. आमचे पाहुणे एकेकाला वाचून दाखवतील. तेवढं बघा ना काही." उज्वलाने वैजनाथला सांगितलं. वैजनाथ बराच वेळ पंख्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "तुला जे सुचंल ते कर." असं म्हटलं की आपण काही केलं नाही, असं नंतर म्हणता येतं.

तिला सुचलं ते असं. पुस्तकात सलग सात नज्मा होत्या, देगलूरच्या. त्यांत जात नावानिशी येत होती, लोक ओळखू येत होते. छापखान्यात जायच्या प्रतीतून तिने त्या सात काढून ठेवल्या. वही घरात आहे, कुठे पळून जाते, पुढच्या वेळी घालू, अशी स्वतःची समजूत काढली. आणि फोनवर मास्तरांनी त्या सातांतल्याच एकीबद्दल विचारलं, "छापून आलेल्या कागदावरनं 'फासला' वाचलीस का बेटा?" तेव्हा ती म्हणाली, "हो मामा. सगळं बरोबर आहे."

तीन वर्षांत ती त्यांच्याशी एवढं एकच खोटं बोलली होती.

बारा वाजून गेल्यावर मास्तर आले. पांढरी शेरवानी पिशवीत, अंगात साधा सदरा, एक हात बायकोच्या, केवळाबाईंच्या, खांद्यावर. केवळाबाई वाटभर बोलून दमल्या होत्या तरी दारातच सुरू झाल्या. "लोह्याला बस अर्धा तास उभी केली, आन् ह्या माणसानं तेवढ्यात कंडक्टरला शेर ऐकवला. बस कशी हलंल?"

"कंडक्टरनं दुसरा मागितला," मास्तर म्हणाले. "किताब कुठाय?"

"संध्याकाळीच हातात घ्या मामा," उज्वला म्हणाली. "प्रकाशनाआधी कुणी बघायचं नाही."

"वा. ही बात बरोबर हाय." ते लहान मुलासारखे खूश झाले आणि हात धुवायला गेले. उज्वला स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे इकडचे तिकडे करत राहिली.

जेवणं झाली, सगळे लवंडले. साडेतीनला उज्वलाने पाहुण्यांसाठी सुशीला करायला घेतला. चुरमुरे भिजवले, मिरच्या चिरल्या, फोडणीला तेल ठेवलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सृष्टीचा आवाज आला. "अगं आई, पुस्तकं पलंगाखाली काय करताहेत? आजोबा, हे बघा, आली तुमची पुस्तकं!"

उज्वलाने गॅस बंद केला. दारापर्यंत येईतो गठ्ठ्याची दोरी तुटली होती आणि एक प्रत मास्तरांच्या मांडीवर होती. ते तिच्यावरून तळवा फिरवत होते. मग त्यांनी पुस्तक नाकाशी नेऊन वास घेतला. सृष्टी हसली. वैजनाथ दाढी करत होता, तो तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आला.

"आजोबा, एखादी वाचू?"

"आधी फेहरिस्त वाच. यादी."

डोळे गेल्यापासून मास्तरांनी पुस्तकाचा क्रम बोटांच्या पेरांवर बसवला होता. अंगठा एकेका पेरावर टेकवत जायचा. एका हाताची चार बोटं, बारा पेरं, मग दुसरा हात, मग परत पहिला. कोणत्या पेरावर कोणती नज्म, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. सृष्टी वाचत गेली आणि त्यांचा अंगठा सरकत गेला. ओठांवर हसू होतं.

"नऊ, 'गवाही'. दहा, 'टाट'. अकरा, 'बिदर की सड़क'."

अंगठा तिथेच थांबला.

"अकरावी 'फासला' हाय बेटा."

"इथे 'बिदर की सड़क' आहे, आजोबा."

"ती अठरावी." हसू अजून गेलं नव्हतं. "पुन्हा बघ. पान चिकटलं असंल."

सृष्टीने पान उलटलं, परत उलटलं. यादी चौतिसावर संपत होती. तिने आईकडे पाहिलं. वैजनाथने चटकन फेस पुसला आणि म्हणाला, "छापखान्याचा घोटाळा असणार, दादा. ह्या लोकांचं असंच असतं. मी उद्या जाऊन बघतो त्याच्याकडं."

पळवाट तयार होती. कोणी विचारलंही नसतं. उज्वलाने एकदा नवऱ्याकडे, एकदा त्या थांबलेल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तिला ते सोसेना.

"छापखान्याची चूक नाही, मामा. मी काढल्या."

"किती?"

"सात."

"फोनवर वाचल्या म्हणालीस."

"खोटं बोलले."

मग तिने सगळं सांगून टाकलं. उमाबाईंचं येणं, पाहुण्यांची भीती, सृष्टीचं लग्न. बोलताना तिचा आवाज फुटत होता, पण तिने एकही गोष्ट वैजनाथवर ढकलली नाही. सृष्टी भिंतीला टेकून उभी होती. आईचा राग यावा असं तिला वाटत होतं, पण त्या सात पुस्तकात नाहीत म्हटल्यावर तिला आधी सुटल्यासारखंच वाटलं होतं. ते लक्षात येऊन तिचे कान तापले.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. पंखा फिरत होता, खालून भंगारवाल्याची आरोळी गेली. एवढ्या वेळात त्यांच्या तोंडून एक कडू शब्द आला असता तर उज्वलाला बरं वाटलं असतं.

"पन्नास वर्षं लोकांनी माझं निस्तं ऐकलं," ते शेवटी म्हणाले. "तू लिहून घेतलंस म्हणून ते उरलं. तुझ्यावर चिडायचा हक मला न्हाई. पोरीसाठी केलंस ना? मग राहू दे. चौतीस बी कमी न्हाईत. नातीचं घर बसत असंल तर सात नज्मा गेल्या तर गेल्या."

वैजनाथने श्वास सोडला. "दादा, पुढच्या आवृत्तीत..."

"कोणाला इचारून राहू देता, मास्तर?"

केवळाबाई कोपऱ्यात पाय पसरून सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता त्यांनी खाली ठेवला.

"काय म्हणलीस?"

"इचारलं, कोणाला इचारून राहू देता? त्या साती तुमच्या हायत व्हय? 'फासला' कोणाची हाय?"

मास्तरांचा अंगठा परत अकराव्या पेरावर गेला.

"लगीन होऊन आले तवा मी तेरा वर्षाची. खुरपायला जायचो. दुपारी तहान लागली की मळ्यातली मालकीण बांधावर उभी राहायची आन् वरून पाणी सोडायची. आम्ही खाली बसून ओंजळ धरायची. अर्धं पाणी मनगटावरून खाली जायचं, दोन्ही कोपर भिजायचे, लुगडं भिजायचं, आन् नरडं कोरडं ते कोरडंच. हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी सांगितलं. तुम्ही त्याला उर्दू नेसवली. बाकीच्या सा बी माझ्या न्हाईतर तुमच्या मायच्या. तुमचा माल असता तर तुम्ही दान करा, मी आडवी येणार न्हाई. पण ह्या दुसऱ्याच्या हायत."

"माय," वैजनाथ म्हणाला, "सृष्टीचं लग्न हाय ना गं."

"मग? माझी बी नात हाय. तिच्या लग्नात मी नाचीन. पण तिच्या सासरच्यांनी मला बघायचं आन् माझे कोपर बघायचे न्हाईत, असं कसं जमंल?"

मास्तरांची मान खाली गेली होती. ते हळू म्हणाले, "खरं हाय केवळा. मी चुकलो." पंचाहत्तर वर्षांचा, शेकडो मैफिली गाजवलेला माणूस भर घरात बायकोला असं म्हणतो, हे उज्वलाने पहिल्यांदा पाहिलं आणि तिला रडू आवरेना.

त्या रडण्याच्या नादात दार वाजल्याचं कोणाला कळलंच नाही. दार उघडंच होतं. उंबऱ्यात पंचाक्षरीअप्पा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते, मागे रविकिरण आणि त्याच्याही मागे उमाबाई. अप्पांच्या कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला टोपी, आणि चेहरा असा की पाहुणे किती वेळापासून तिथे आहेत हे विचारायची गरज नव्हती.

"शरणार्थ," अप्पा हात जोडून चाचरत म्हणाले. "जरा लौकरच आलो."

"जय भीम. या या," मास्तर उठून उभे राहिले. "बसा. घरात थोडं भांडण चालू हाय, पण घरचंच हाय."

पाहुणे बसले. सृष्टीने आत जाऊन अर्धवट राहिलेला सुशीला फोडणीला टाकून आणला, ताटल्या ठेवल्या. कोणी हवा-पाण्याचं काढेना. केवळाबाईंनी उमाबाईंकडे पाहिलं, अजिबात न रागावता.

"बाई, तुम्ही त्या नज्मा वाचल्या हायत का?"

"न्हाई," उमाबाई म्हणाल्या.

"ऐकल्यात?"

"न्हाई."

"मग न वाचताच भ्याल्या. उज्वला, वही आण."

"माय, आत्ता नको," वैजनाथ अगदी काकुळतीला आला. सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तर म्हणाले, "उज्वलाला वाचायची असंल तर वाचंल. तिच्यावर जोर न्हाई."

म्हणजे आता परत तिच्यावरच आलं होतं. वाचली तर सोयरीक या खोलीतच मोडू शकत होती. लेक समोर उभी होती. उज्वलाने सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीने एकदा रविकिरणकडे नजर टाकली, आणि अगदी थोडी मान हलवली. उज्वलाने आत जाऊन डब्यांमागची वही आणली.

तिने 'फासला' वाचली. उर्दूत वाचायची, मग मराठीत सांगायची. बांध आला, ऊन आलं, वरची घागर आली, खालची ओंजळ आली. शेवटच्या दोन ओळींवर तिने थांबून श्वास घेतला.

"पानी तो एक ही था, बस फ़ासला बहुत था
तेरे घड़े से लेकर मेरी हथेलियों तक."

पंचाक्षरीअप्पांनी टोपी काढून परत घातली. "आपल्याला तुरीतलं कळतं, कवितेतलं काय कळतंय," ते पुटपुटले.

"त्यात ती पाणी ओतणारी हाय ना," उमाबाईंनी विचारलं. त्यांचा गोड आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "तिचं नाव लिहिलंय का?"

"न्हाई बाई," मास्तर म्हणाले. "नाव कोणाचंच न्हाई."

उमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आमचं माहेर निलंग्याकडं. मळा होता. मी नऊ-दहा वर्षाची. अव्वा, म्हंजे आमची आई, मला पाठवायची घागर घेऊन, बायांना पाणी घाल म्हणून. टेकू देऊ नको म्हणायची, वरून सोड. मी बांधावर चढून सोडायची. मला वाटायचं मी लई पुण्याचं काम करून राहिले." त्यांनी पदराची गुंडाळी सोडली. "एक बाई होती. पाणी पिऊन झालं की माझ्याकडं बघून हसायची. मला वाटायचं तहान भागली म्हणून हसती. तिचे बी कोपर भिजलेले असायचे."

त्या उज्वलाकडे वळल्या.

"ताई, पाहुणे काय म्हणतील हे मी तुम्हाला उगंच सांगितलं. पाहुण्यांना कोण भितंय? तुमच्या सासऱ्यांचं पुस्तक येणार म्हणलं तवापासून मला वाटून राहिलं होतं, त्यात मी असीन."

एवढं बोलून त्या उठल्या. अप्पा गडबडीने उठले. "संध्याकाळी... म्हणजे... कळवतो आम्ही," असं काहीतरी म्हणत सगळे बाहेर पडले. पेढ्यांचा पुडा टेबलावर न उघडता राहिला. दोन ताटल्यांतला सुशीला तसाच होता. तिसरी रविकिरणने मात्र पुसून खाल्ली होती. वैजनाथ त्या ताटल्यांकडे बघत म्हणाला, "झालं. मिटलं सगळं."

"मिटलं का न्हाई ते मला दिसत न्हाई," मास्तर म्हणाले. "सृष्टी, माझी शेरवानी काढ बेटा."

सात वाजता हॉल भरला होता. पुढच्या रांगांत शहरातले उर्दूवाले, मागे महाविद्यालयातली पोरं, समाजातली माणसं निळी उपरणी टाकून, आणि वैजनाथच्या बँकेतले सात-आठजण, ज्यांना वाह-वा नक्की कुठे म्हणायचं हे माहीत नव्हतं. मास्तर सदर, म्हणजे अध्यक्ष होते. मुशायऱ्याचा सदर सगळ्यांत शेवटी वाचतो, त्यामुळे ते मधल्या तक्क्याला टेकून तरुण शायरांना भरभरून दाद देत होते. प्रकाशन झालं, फोटो झाले. निवेदकाने पुकारलं, "ज्यांनी हे पुस्तक देवनागरीत उतरवलं त्या उज्वलाताई गजभारे दोन शब्द बोलतील."

दोन शब्द तिने पाठ केले होते. आभाराचे होते. माइकसमोर उभं राहिल्यावर तिला ते आठवेनात, किंवा आठवूनही म्हणवेनात.

"या पुस्तकात एकेचाळीस नज्मा होत्या," ती म्हणाली. "तुमच्या हातात चौतीस आहेत. सात मी काढल्या. मामांना दिसत नाही, त्यांना न सांगता काढल्या. कुणाच्या सांगण्यावरून काढल्या असं मी म्हणणार नाही. मी भ्याले. ज्या माणसाने आयुष्यात एक ओळ भिऊन खोडली नाही, त्याचं पुस्तक मी भिऊन कापलं. मला माफ करा."

हॉलमध्ये कुजबुज उठली. ती कुठे बघावं ते न कळून खाली उतरली आणि दुसऱ्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली. केवळाबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तो परत उचललाच नाही.

शेवटी मास्तर उठले. काठी टेकत माइकपाशी आले. चेहरा उज्वला बसली होती त्या बाजूला वळवला. कुणी सांगितलं कोण जाणे.

"माझ्या सुनेनं सांगितलं ते खरं हाय," ते मराठीतच म्हणाले. "आता माझं ऐका. पन्नास वर्षं मी अपमानावर लिहिलं, भुकेवर लिहिलं, रागावर लिहिलं. माझ्याच घरात, माझ्याच पुस्तकाची वाटावी अशी भीती राहून राहिलीय, तिच्यावर एक ओळ लिहिली न्हाई. मला दिसलीच न्हाई ती. तवा तर डोळे चांगले होते. ती नज्म आता मी लिहीन आन् लिहून घ्यायला मला हीच लागंल. दुसरं कोणी चालणार न्हाई."

पहिली टाळी बँकेतल्या माणसांनी वाजवली, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं. मग सगळा हॉल वाजू लागला. उज्वला तोंडावर पदर धरून बसली होती.

"थांबा," मास्तरांनी हात वर केला. "मी मास्तर हाय. ज्यांनी पुस्तक घेतलं त्यांनी मागची कोरी पानं उघडा. आपण सात धडे उतरवून घेऊ. मी सावकाश सांगतो. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, मला चालंल. पेन नसंल त्यानं शेजाऱ्याला मागा."

आणि खरोखर खिशांतून, पर्सांतून पेनं निघाली. मुशायऱ्याला आलेली माणसं शाळेसारखी मांडीवर पुस्तक घेऊन खाली वाकली. वैजनाथ उभा राहून बँकेची पेनं वाटत होता. बापाकडे बघताना त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत. मास्तर मिसरा सांगत, थांबत, परत सांगत. लोक ओळ मोठ्याने म्हणून बघत आणि लिहीत. असला मुशायरा कोणी पाहिला नव्हता.

तिसऱ्या नज्मेच्या सुमाराला उज्वलाच्या डाव्या हाताची रिकामी खुर्ची करकरली. तिने वळून पाहिलं. उमाबाई होत्या. मागे दाराशी पंचाक्षरीअप्पा टोपी हातात घेऊन उभे होते आणि रविकिरण दारातल्या टेबलावर पुस्तक विकत घेत होता.

"पेन हाय का ताई?" उमाबाईंनी कुजबुजत विचारलं.

उज्वलाने आपलं पेन दिलं. रविकिरणने प्रत आणून आईच्या मांडीवर ठेवली. उमाबाई लिहू लागल्या. सवय नसल्याने अक्षर मोठं येत होतं, एका पानात चार ओळी मावत होत्या. नज्म संपली, टाळ्या पडल्या, त्या आवाजात त्या उज्वलाच्या कानाशी वाकल्या.

"ह्या साती पुस्तकात घाला. पण साखरपुड्याच्या आधी छापून घ्या. नंतर कोणाला कळलं तर लोक म्हणतील, उमाबाईनंच गाळायला लावल्या होत्या."

"लावल्याच होत्या की," उज्वलाच्या तोंडून निघून गेलं.

उमाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पान उलटलं, पेन सावरलं, आणि मास्तरांच्या पुढच्या ओळीकडे कान देत म्हणाल्या, "हाव, लावल्या. म्हणूनच म्हणून राहिले."